मला वडील एकच आहेत

जर्मनच्या तोंडी परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो तो माझ्या बापामुळे. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. आधी 'वडिलांमुळे' लिहून पाहिलं, मग 'बाबांमुळे' लिहून पाहिलं. दोन्ही वाक्यं सभ्य होती, पण त्यात गोष्टच उरत नव्हती. कारण सगळा घोळ नेमका त्या 'लां' आणि 'बां' वरच्या अनुस्वारात होता.

माझी बायको नर्स आहे. ठाण्याच्या एका हॉस्पिटलात तिने पंधरा वर्षं काढली आणि छत्तिसाव्या वर्षी ठरवलं की जर्मनीला जायचं. ठरवलं म्हणजे ठरवलं. ड्यूटीवरून येऊन भाजी चिरता चिरता ती क्रियापदं चालवायची, कुकरच्या शिट्ट्या जर्मनमध्ये मोजायची. मी सोफ्यावर बसून थट्टा करायचो. जर्मनमध्ये 'मी'ला 'इश' म्हणतात, हे कळल्यावर तर मला आठवडाभर दुसरं काही सुचेना. ती 'इश' म्हणाली की मी आतल्या खोलीतून 'इश्श' म्हणायचो. तिने तिसऱ्या दिवशी लाटणं खाली ठेवून शांतपणे सांगितलं, "हसून घे. तुझी पण पाळी येणार आहे."

आली. ती परीक्षांमागून परीक्षा देत गेली, पास झाली, तिकडे एका छोट्या गावातल्या हॉस्पिटलात रुजू झाली, आणि मी डोंबिवली पूर्वेला बाबांसोबत राहिलो. आम्हाला मूलबाळ नाही. घरात ती, मी आणि बाबा, एवढेच. आई जाऊन सहा वर्षं झालेली. बाबा ताईकडे कल्याणला राहतील, असं बोलणं झालं होतं, आणि मी बायकोकडे जायचं होतं. त्यासाठी माझ्या कागदांमध्ये एक प्रमाणपत्र हवं होतं: पहिल्या पातळीचं जर्मन. व्हिसाची तारीख मोठ्या मिनतवारीने एप्रिलची मिळालेली. तोवर प्रमाणपत्र हातात नसेल तर तारीख जाणार, आणि पुढची कधी मिळेल ते कुणीच सांगत नव्हतं. बायको तिकडे एकटी राहून तेव्हा दहा महिने होत आले होते.

तर मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी नौपाड्यात एका पोळी-भाजी केंद्राच्या वरच्या मजल्यावर शनिवार-रविवारचा क्लास लावला. खालून फोडणीचा वास यायचा आणि वर आम्ही बारा जण 'माझं नाव अमुक, मी अमुक गावचा' असं म्हणत बसायचो. बाकीचे अकरा जण बावीस-तेवीसचे. नर्सिंगच्या मुली, इंजिनिअरिंगची पोरं. शिकवणाऱ्या मॅडमही सव्वीसच्या पुढच्या नसाव्यात. पहिल्याच दिवशी पोरांनी मला 'काका' केलं. मॅडम म्हणाल्या, "काकांना जर्मनमध्ये ओंकेल म्हणतात." मी वहीत लिहून घेतलं, आणि पुढच्या रविवारी ओळख करून द्यायची पाळी आली तेव्हा उठून, छाती काढून, सगळ्यांना जर्मनमध्ये सांगितलं की मी या वर्गाचा एंकेल आहे.

एंकेल म्हणजे नातू.

नर्सिंगच्या मुलींपैकी एकीने पर्समधून चॉकलेट काढून मला दिलं. पुढचे चार महिने मला त्या वर्गात कुणी काका म्हटलं नाही. 'नातू आला का', 'नातवाने गृहपाठ केला का', असंच.

पाठ्यपुस्तकातला तिसरा धडा कुटुंबाचा. त्यात एक झाड काढलेलं आणि झाडावर नऊ डोकी. आजी, आजोबा, आई, बाप, एक काका, एक काकू, दोन पोरं, एक कुत्रा. कुत्र्यालाही नाव होतं. मी मागच्या पानावर माझं झाड काढायला घेतलं तर बाबांच्या बाजूचं पान भरलं आणि आईच्या बाजूसाठी वही आडवी करावी लागली. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या: टांटे. मी हात वर केला.

"मॅडम, टांटे म्हणजे काकू ना?"

"हो. आत्या पण."

"आणि मावशी?"

"टांटे."

"मामी?"

"ती पण टांटेच."

"मॅडम, आमच्या घरात आत्या आणि मामी एका शब्दात बसवल्या तर खरोखरचा तंटा होईल. माझ्या लग्नात त्या दोघींना एका पंगतीत बसवता आलं नव्हतं."

"तुम्हाला त्यांना बसवायचं नाहीये," मॅडम म्हणाल्या. "फक्त स्पेलिंग लिहायचंय."

पण एक शब्द मला मनापासून आवडला. गेश्विस्टर. म्हणजे भावंडं. इंग्रजीत 'तुला भावंडं किती' हे विचारायला आपली जीभ नेहमी अडखळते, 'ब्रदर-सिस्टर किती' असं विचारून आपण वेळ मारून नेतो. जर्मनांकडे मात्र सरळ एक शब्द होता, आपल्यासारखाच. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन पाच वाक्यांच्या गृहपाठात पहिलंच वाक्य लिहिलं: मला चौदा गेश्विस्टर आहेत.

मॅडमनी वही तपासताना वर पाहिलं. "चौदा?"

"हो."

"काका, खरंच?" त्या दिवशी त्या मला पुन्हा काका म्हणाल्या, म्हणजे धक्का मोठा असणार.

"म्हणजे सख्खी एकच. ताई. बाकीची चुलत, मामे, आते, मावस धरून."

"ती गेश्विस्टर नाहीत. ते सगळे कझिन."

"आमच्याकडे कझिन असं कुणी नाही. शब्द येतो आम्हाला, पण तो आम्ही ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्यासाठी ठेवलाय."

मॅडमनी चौदावर काट मारून एक केलं. तेरा भावंडं एका लाल रेघेत गेली. मी घरी येऊन बाबांना हे सांगितलं. बाबा पोस्टातून निवृत्त झालेले, चौतीस वर्षं पत्रांची वर्गवारी केलेली. वर्गवारीत कुणी हलगर्जी केली की त्यांना अजून चालत नाही.

"साडूला काय म्हणतात?" त्यांनी विचारलं.

"श्वागर."

"आणि मेहुण्याला?"

"श्वागर."

"दिराला?"

"श्वागरच."

बाबांनी चष्मा काढला. "आणि व्याह्यांना?"

मी मॅडमना हेही विचारून ठेवलं होतं. "रोजच्या बोलण्यात तसा शब्दच नाही. नावाने हाक मारतात."

"व्याह्यांना नावाने?" बाबांनी चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "मानपान कसा करतात मग?"

शब्द पाठ व्हावेत म्हणून मी घरभर चिठ्ठ्या लावल्या. फ्रीज, दरवाजा, पंखा. नात्यांच्या चिठ्ठ्या कुठे लावणार, म्हणून भिंतीवरच्या फोटोंना लावल्या. आजोबांना 'ग्रोसफाटर', ताईला 'श्वेस्टर', आणि उत्साहाच्या भरात आईच्या हार घातलेल्या फोटोच्या खाली 'मुटर'. संध्याकाळी बाबा दिवा लावायला गेले आणि तिथेच थांबले.

"हे काय चिकटवलंयस?"

"आईला जर्मनमध्ये मुटर म्हणतात." मी गडबडीने काढायला गेलो. "काढतो, बाबा."

"राहू दे." त्यांनी उदबत्ती लावली. "तिला आवडलं नसतं मात्र. मटार सोलायचा तिला पहिल्यापासून कंटाळा."

पहिली परीक्षा जानेवारीत होती. ऐकणं, वाचणं, लिहिणं बऱ्यापैकी झालं. बोलण्याच्या परीक्षेत चार-चार उमेदवारांना एका टेबलाभोवती बसवतात, समोर परीक्षक. आधी स्वतःची ओळख, मग चिठ्ठ्या उचलायच्या आणि चिठ्ठीवरच्या शब्दावरून शेजारच्याला प्रश्न विचारायचा. माझ्या शेजारी वसईची एक मुलगी होती. तिच्या चिठ्ठीवर 'काम' असा शब्द आला. विषय कुटुंब. तिने मला विचारलं, "तुझे वडील काय काम करतात?"

सोपा प्रश्न. वर्गात वीस वेळा झालेला. मला म्हणायचं होतं, माइन फाटर इस्ट रेंटनर. माझे वडील निवृत्त आहेत. मी तोंड उघडलं आणि 'इस्ट' हा शब्द घशात आला. 'इस्ट' म्हणजे आहे. एकवचनी आहे. तो आहे. माझा बाप आहे. डोळ्यांसमोर बाबा आले, पेपरची घडी घालणारे, आणि माझी जीभ आपोआप अनेकवचनात गेली. माइने फेटर झिंट रेंटनर.

समोरच्या परीक्षक बाई, साधारण पन्नाशीच्या, अतिशय सौम्य चेहऱ्याच्या, पुढे वाकल्या. त्यांनी हळू, स्पष्ट जर्मनमध्ये विचारलं, "तुम्हाला वडील किती आहेत?"

"एक," मी म्हणालो.

"एक," त्या म्हणाल्या आणि वाट बघत राहिल्या. माझं वाक्य मीच सुधारावं, अशी त्यांची इच्छा होती, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, बाईंना आदर ही कल्पनाच समजावून सांगायला हवी. माझ्याकडे त्यासाठी एकूण दोनशे शब्द होते. मी म्हणालो, "एक वडील. पण ते मोठे आहेत." हे 'ते'ही अनेकवचनीच. बाईंनी पुन्हा काही विचारलं, मला कळलं नाही. मी घाईघाईने बोटं दाखवून सांगितलं, "आई एक. वडील एक, पण पुष्कळ."

वसईच्या मुलीने ओठ चावले. पलीकडचा मुलगा खोकला. त्यानंतर जे डोकं बंद झालं ते उघडलंच नाही. पुढच्या फेरीत टेबलावर पाण्याच्या ग्लासचं चित्र होतं, त्यावरून शेजाऱ्याला विनंती करायची होती. मी ते चित्र उचलून नुसता 'डांके', म्हणजे धन्यवाद, म्हणालो. एकूण सहा गुणांनी राहिलो.

निकाल मी बायकोला व्हिडिओ कॉलवर सांगितला. 'पुष्कळ वडील' ऐकून ती इतकी हसली की तिच्या हातातला फोन छताकडे वळला, आणि मला नुसता दिवा दिसत राहिला. हसणं संपल्यावरही फोन खाली आला नाही.

"अगं, आहेस का?"

"अरे, एप्रिल," ती म्हणाली. फोन परत चेहऱ्यासमोर आला. डोळे पुसलेले होते, आणि ते हसूनच पाणावले असतील असं मी त्या वेळी समजून घेतलं. "मी इथे रविवारी कुणाशी बोलते माहितीये? वॉशिंग मशीनशी. मी जर्मनमध्ये विचारते, ते गुरगुरतं."

"मार्चमध्ये परत बसतो."

"बस. पण तोच घोटाळा करशील. तुला व्याकरण येतं रे. माझ्याबद्दल बोलताना कसं सरळ 'इस्ट' म्हणतोस. बाबांना एकेरी म्हणायला तुझी छाती होत नाही. आधी ते सोडव."

खरं होतं. आपल्याकडे आई ती असते. आई आली, आई गेली, आई रागावली. तिचा मान कशात असेल तो असो, क्रियापदात नसतो. बाबा मात्र आले, गेले, रागावले. हल्लीच्या घरांत 'ए बाबा' चालतं, हे मला माहीत आहे, आमच्याच मजल्यावर चालतं. आमच्या घरात चाललं नाही. बाबांच्या पाठीमागे, ऑफिसात, मित्रांत, स्वप्नातसुद्धा मी त्यांना कधी 'तो' म्हटलेलं नव्हतं. मी मॅडमना अडचण सांगितली आणि विचारलं, दुकानदाराला आदराने बोलायची सोय जर्मनमध्ये आहे, मग बापाला का नाही?

"घरच्यांना 'डू'च म्हणतात. 'डू' म्हणजे तू. ते देवालाही 'डू' म्हणतात."

"देवाला आपणही तूच म्हणतो, मॅडम. पण देव समोर चहा पीत पेपर वाचत बसलेला नसतो."

नापास झाल्याचं बाबांना सांगितलं होतं, कारण नव्हतं सांगितलं. पण आमच्या घराच्या भिंती पातळ आणि बायकोचा स्पीकर मोठा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरून आले, चप्पल जागेवर ठेवली आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"पत्ता चुकला की पत्र परत येतं," ते म्हणाले. "त्यात पत्राची चूक नसते. म्हण, बाबा आला."

"अहो बाबा, काय हे."

"अहो नको. बाबा आला."

"बाबा आल..." मी म्हणालो आणि शेवटी एक 'ए' लागलाच.

"परत."

"बाबा आले."

"सहा गुण अजून तिथेच आहेत. परत."

त्या सकाळी जमलं नाही. दुसऱ्या सकाळीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोड काढली. ते बाल्कनीत गेले, माझ्याकडे पाठ केली आणि कुंडीतल्या तुळशीची पिवळी पानं काढत म्हणाले, "आता म्हण. मी बघत नाहीये." पाठीला म्हणणं थोडं सोपं होतं. मी हळू म्हणालो, "बाबा उभा आहे." ती पाठ क्षणभर ताठ झाली. मग परत पानं काढायला लागली. "ऐकू आलं नाही," ती पाठ म्हणाली. "परीक्षेतल्या बाईंना ऐकू यायला हवं."

असा फेब्रुवारी गेला. रोज सकाळी अर्धा तास. आधी मराठीत, मग जर्मनमध्ये. पाठमोरं झालं, मग बाजूने, मग समोरासमोर. प्रत्येक जर्मन वाक्याचा अर्थ त्यांना सांगावा लागायचा.

"माइन फाटर इस्ट आल्ट."

"म्हणजे?"

"माझा बाप म्हातारा आहे."

"आहे. पुढे."

"एर ट्रिंक्ट टे."

"म्हणजे?"

"तो चहा पितो."

"अजून दिलेला नाहीयेस. पुढे."

जीभ सैल सुटली की ती कुठे थांबवायची हे तिला कळत नाही. एका रविवारी दुपारी ताईचा फोन आला. मी गृहपाठात होतो. तिने विचारलं, बाबा काय करतायत. मी म्हणालो, "झोपलाय."

मग ताई म्हणाली, "कोण झोपलाय?"

"बाबा... झोपलेत. झोपलेले आहेत."

"नाही, आधी काय म्हणालास?"

"ताई, अगं, जर्मनचं आहे ते."

"जर्मनीत बाप झोपलाय म्हणतात? अजून विमानात बसला नाहीस तोवर ही तऱ्हा? उद्या तिकडे गेल्यावर काय, बाप मेलाय म्हणून व्हॉट्सअॅप करशील?"

ताई जे बोलली ते रागाचं होतं, पण त्याच्या खाली जे होतं ते मला ऐकू आलं. तू जाणार, आणि मागचं मी बघणार. तेवढ्यात मागून हात आला आणि आवाजाने जागे झालेल्या बाबांनी फोन घेतला.

"मीच सांगितलंय त्याला," ते ताईला म्हणाले. "अभ्यास आहे तो. तू मध्ये पडू नकोस." थोडं ऐकून घेतलं. "नाही, मला काही वाटत नाही." परत ऐकून घेतलं. "वाटलं पहिले दोन दिवस. आता सवय झाली."

फोन ठेवून ते माझी वही बघायला लागले. देवनागरीत लिहिलेली जर्मन वाक्यं ते वाचू शकत होते. एका वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं. एर वोन्ट इन डोंबिवली.

"म्हणजे?"

"तो डोंबिवलीत राहतो."

"हे बदल. कल्याण कर."

"आत्ता कशाला? तुम्ही तर..." मी थांबलो. "तू तर इथेच आहेस."

"परीक्षेत कल्याणच सांगायचंय ना? तू गेल्यावर मी तिथेच असणार. खोटं पाठ केलंस तर अडखळशील, तुला मी ओळखतो. लहानपणी खोटं बोलताना तुझे कान लाल व्हायचे. मी आधीच जातो. म्हणजे वाक्य खरं होईल."

मी पुष्कळ समजावलं. एका शब्दासाठी घर सोडायचं काय कारण, परीक्षक काही कल्याणला चौकशीला येणार नाहीत, वगैरे. आमचे बाबा म्हणजे लेकीच्या घरी चहासुद्धा 'घाई आहे' म्हणून अर्धाच पिणारे. मुलीकडे जाऊन राहणं त्यांनी आमच्याखातर कबूल केलं होतं, पण ती तारीख ते मनातल्या मनात पुढे ढकलत असणार, असं मला वाटत होतं. मीही ढकलतच होतो. त्यांनी ऐकलं नाही. दोन दिवसांनी त्यांनी एक बॅग भरली. चार सदरे, औषधांचा डबा, चष्म्याची दुसरी जोडी आणि आईचा फोटो. फोटोखालची 'मुटर'ची चिठ्ठी काढायची राहिली की त्यांनी मुद्दामच ठेवली, मी विचारलं नाही. पेपरवाल्याला खाली थांबवून त्यांनी स्वतः सांगितलं, उद्यापासून एकच पेपर टाक. रिक्षात बसल्यावर म्हणाले, "सकाळचा अर्धा तास बुडवू नकोस. मी सात वाजता फोन करीन."

केला. रोज सातला. ताईच्या घरच्या मिक्सरच्या आवाजात मी ओरडून म्हणायचो, तो कल्याणमध्ये राहतो, आणि पलीकडून आवाज यायचा, "राहतो. पुढे."

मार्चमधल्या परीक्षेला तेच केंद्र, तसंच टेबल. परीक्षक बाई मात्र दुसऱ्या होत्या. मागच्या बाई सुट्टीवर असाव्यात, किंवा माझं नाव यादीत बघून त्यांनी सुट्टी घेतली असावी. ओळख झाली. नावाचं स्पेलिंग झालं. मी सगळी तयारी 'वडील काय करतात' या प्रश्नाची केली होती. निवृत्त, पोस्ट, चहा, पेपर, सगळं एकवचनात घोटून. शेजारच्या मुलाने चिठ्ठी उचलली. विषय कुटुंबच होता, शब्द निराळा होता: 'राहणे'. तो म्हणाला, "तुझं कुटुंब कुठे राहतं?"

मी म्हणालो, "माइने फ्राउ वोन्ट इन डॉइचलांड." माझी बायको जर्मनीत राहते.

बाईंनी मान हलवली.

"माइन फाटर वोन्ट इन कल्याण." माझे वडील कल्याणमध्ये राहतात.

घसा अडला नाही. कानही लाल झाले नसावेत, वाक्य खरं होतं. मी थांबू शकत होतो, प्रश्नाचं उत्तर झालं होतं. पण बाई माझ्याकडे बघत होत्या, म्हणून मी पुढे बोललो, "इश वोने इन डोंबिवली." मी डोंबिवलीत राहतो.

त्या तिन्ही वाक्यांत व्याकरणाची एकही चूक नव्हती. तीन माणसं, तीन गावं, तिन्ही क्रियापदं एकवचनी. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि "झेअर गूट" म्हणाल्या. म्हणजे फार छान. मी खाली बघितलं, कारण त्या क्षणी मला ते तितकंसं छान वाटत नव्हतं. मग पुढचं चित्र आलं, ते पेनाचं होतं. मी शेजाऱ्याला 'कृपया तुमचं पेन देता का' असं नीट आदरार्थी विचारलं. पेन मागायला मला अजून व्यवस्थित आदर येतो.

निकाल दोन आठवड्यांनी लागला. एकाहत्तर. बायकोला कळवलं, ती वॉर्डात होती, तिने नुसते दोन शब्द पाठवले: लवकर ये. मी प्रमाणपत्राची छापील प्रत प्लास्टिकच्या पाउचमध्ये घातली आणि कल्याणला ताईकडे गेलो. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. खुर्ची ताईची, पण ती त्यांनी प्रकाशाच्या दिशेने वळवून घेतली होती, म्हणजे जम बसला होता. बाजूला चहाचा रिकामा कप होता. पूर्ण.

त्यांनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी बघितलं. शिक्का बघितला. स्पेलिंग तपासलं.

"मूळ प्रत फाइलीत ठेव. दोन झेरॉक्स. एक ताईकडे असू दे," ते म्हणाले. "व्हिसाची तारीख किती वाजताची आहे?"

"सकाळी साडेनऊ."

"मी येतो बरोबर. आत सोडणार नाहीत, बाहेर बसेन."

"एवढ्या लांब कशाला?"

"कागद मागेपुढे लावशील. मी क्रमाने लावून देतो."

ताईने जेवायला बसवलं. माझ्याशी ती अजून मोजकंच बोलत होती, पण आमटी दोनदा वाढली. जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "पुढची परीक्षा असते का अजून?"

"असते. तिकडे गेल्यावर. दुसरी पातळी."

"त्यात काय नवीन?"

"भूतकाळ. या वेळी थोडासाच होता. तिथे पूर्ण येतो."

बाबांनी हात पुसले आणि टॉवेल घडी घालून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"तो शीक नीट," ते म्हणाले. "पण वाक्यं माझ्यावर करू नकोस इतक्यात. दुसरं कुणीतरी शोध."

ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती वळली नाही, पण तिने नळ बंद केला. मी फाइल उघडून बाबांसमोर ठेवली आणि आम्ही कागद क्रमाने लावायला घेतले.